हाकेत नसलेली आदेल

मंगळवारी दुपारी मावशी स्वयंपाकघराच्या दारात बसून शेंगा मोडत होती आणि नावं घोकत होती. देठ खुडायचं, शीर ओढायची, एक नाव घ्यायचं. ओहोटी लागली होती, नदीवरून चिखलाचा वास येत होता. रविवारी मेळावा होता.

"मातुरँ शिपाई," ती म्हणाली. "मातुरँचा झाक. झाकचे प्येर, लुई आणि जेर्मेन. जेर्मेन दफनभूमीत."

जेर्मेनला जाऊन अडीचशे वर्षं झाली असतील. मावशीनं तरीही तिच्यासाठी क्षणभर हात थांबवला.

मोर्नो घराण्याचा मेळावा दर पाच वर्षांनी आमच्या चर्चसमोर भरतो. त्या दिवशी घराण्यातली सर्वांत वयस्कर बाई चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहते आणि फ्रान्सहून आलेल्या पहिल्या शिपायापासून आजपर्यंतची नावं तोंडपाठ म्हणते. याला हाक म्हणतात. ज्या घराची हाक येते ते घर उभं राहतं. लहानपणीच गेलेल्या पोराचं नाव आलं की ती 'दफनभूमीत' एवढंच म्हणते आणि पुरुष टोप्या काढतात. जगलेल्या माणसाचं पुढचं नाव येईपर्यंत टोप्या हातातच राहतात. बाप्तिस्म्याच्या वेळी आमच्याकडे झाडून सगळ्या मुली मारी असतात आणि सगळे मुलगे जोझेफ, त्यामुळे ती नावं हाकेत धरत नाहीत. आता वंशावळीचे छापील तक्ते करणारे पुतणे निघाले आहेत, पण हाकेत जे नाव नाही ते घराण्यात नाही, असं म्हातारे मानतात. तरुण हसतात आणि तेही मानतात.

गेल्या चार मेळाव्यांत हाक मावशीनं दिली होती. ती जन्मानं मोर्नो. दुसऱ्या घरात लग्न करून गेली तरी नाव तेच राहिलं, थडग्याच्या दगडावरही तेच कोरलं जाणार होतं. स्वतःच्या घराशी आली की ती म्हणायची, "लेओंतीन, एल्झेआरची. लेओंतीनची मुलं. रोझेर. आदेल, दफनभूमीत."

माझं नाव आदेल आहे. ती आदेल मी नाही.

मावशीची मुलगी आदेल चार वर्षांची होण्याआधी घटसर्पानं गेली. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचं, नाव रिकामं ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे जुनी रीत आहे. मावशीला पुढचं मूल झालं नाही. तेव्हा तिचा नवरा आजुतोर आगगाडीनं क्वेबेक शहरात गेला आणि नन्सच्या अनाथालयातून मला घेऊन आला. मी तीन वर्षांची होते. तिथे मला काहीतरी वेगळं नाव होतं. ते मला आठवत नाही आणि कुणी विचारूनही ठेवलं नाही. मावशीनं मेलेल्या मुलीचे कपडे पेटीतून काढून ठेवले होते. ते सगळे मला बसले. बूट बसले नाहीत. आजुतोर ही गोष्ट गंमत म्हणून सांगायचा. "दोनदा ओढून बघितले हिनं. मग बूट बाजूला ठेवले आणि मला म्हणाली, तिला सांग, मला मावशी म्हणायचं." सांगून झालं की तो माझ्या केसांवरून हात फिरवायचा. तो चांगला माणूस होता आणि लवकर गेला.

तेव्हापासून मावशी. शाळेतही मी तेच सांगायचे. पुढे मी त्याच शाळेत शिकवायला लागले, रोझेर लग्न करून रिव्हिएर-द्यू-लूला गेला आणि घरात आम्ही दोघीच राहिलो.

"एल्झेआरची मुलं," मावशी म्हणाली आणि शेंग हातात धरून थांबली. "एल्झेआरची..."

"लेओंतीन, फिलोरोम आणि जुळे," मी म्हटलं.

"तुला कुणी विचारलं?"

"अडकलीस म्हणून सांगितलं."

"अडकले नव्हते, श्वास घेत होते. म्हातारं माणूस श्वास घ्यायला थांबलं की तुम्हाला वाटतं, संपलं."

मी तिच्यासमोर पाणी ठेवलं. तिनं घोटभर घेतलं आणि ग्लास माझ्याकडे न बघता परत केला.

"तुझ्यानंतर हाक कोण देणार?" मी विचारलं.

"फर्नांद."

"फर्नांदला स्वतःच्या नातवंडांची नावं सांगता येत नाहीत."

"मग बंद पडेल."

"मला सगळी पाठ आहेत, मावशी."

"पोपटालाही प्रार्थना पाठ होते. म्हणून त्याला कुणी पाद्री करत नाही."

मला हसू आलं. ती फार चांगलं बोलायची. तिचा राग धरणं त्यामुळेच कठीण जायचं. पुढचं मी कशी बोलून गेले ते मला सांगता येत नाही. इतक्या वर्षांत मी ते कधी विचारलं नव्हतं.

"यंदा हाकेत माझं नाव घेशील?"

"येतं की तुझं नाव. दर वेळी येतं."

"ते तिचं."

"नाव एकच आहे. दोघींनी वापरलं म्हणून झिजत नाही." तिनं शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. "हे बघ, आदेल. सफरचंदाच्या झाडावर पक्षी बसतो. चाळीस वर्षं बसतो. म्हणून त्याला कुणी सफरचंद म्हणतं का?"

मी परात उचलली.

"आणि मीठ बेतानं घाल," ती मागून म्हणाली. "काल अख्खी नदी ओतली होतीस."

संध्याकाळी तिनं शेंगा खाल्ल्या, डुकराच्या मांसाचा तुकडा बाजूला काढून ठेवला आणि सूर्य मावळताना रेडिओबरोबर जपमाळ म्हटली. मी तिचे पाय गरम पाण्यात धुतले. तिनं उद्या चादरी धुवायच्या असं सांगितलं. वर जाताना ती जिन्यात थांबली. मला वाटलं काही म्हणेल. ती म्हणाली, "खिडकी लाव, डास येतात."

बुधवारी सकाळी चादरी तिनं स्वतःच बाहेर नेल्या. मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकं लावायला गेले होते. परत आले तेव्हा दोरीवर दोन चादरी वाऱ्यानं फडफडत होत्या. तिसरी गवतात पडली होती आणि तिच्याखाली मावशी होती. मी चादर बाजूला केली. तिचा चेहरा चिडलेला दिसत होता, कामाच्या मध्येच कुणी हाक मारावी तसा. मी ती चादर झटकली, दोरीवर घातली आणि मग डॉक्टरांना फोन केला. असं का केलं ते मला ठाऊक नाही. चादर जमिनीवर पडलेली तिला चालली नसती.

नंतर रोझेरला फोन लावला.

"तू कुठे होतीस?" तो म्हणाला.

रोझेर वाईट माणूस नाही. हे मी आत्ताच लिहून ठेवते, कारण पुढे तसं वाटेल. तो फर्निचर विकतो, मोठ्यानं हसतो, उन्हाळ्यात मला त्यांच्या तळ्याकाठच्या घरी बोलावतो. त्यानं सगळं हातात घेतलं. शवपेटी निवडली, फुलं निवडली, वर्तमानपत्राला मजकूर दिला. मी तो शुक्रवारी वाचला. तिच्या मागे मुलगा रोझेर, सून, तीन नातवंडं, 'तसेच तिची अनेक वर्षांची सोबतीण आदेल.'

"सोबतीण?" मी विचारलं.

"अगं, मग काय लिहायचं? मुलगी लिहिलं असतं तर लोक गोंधळले असते. आदेल लहानपणीच गेली हे गावाला माहीत आहे."

"मी गेले नाही हेही गावाला माहीत आहे."

"तू म्हणजे ना, शब्दांवर अडतेस. मास्तरीण आहेस."

दर्शनाच्या दिवशी पेटीजवळ तो आणि त्याची बायको उभे राहिले. लोक रांगेनं येऊन त्यांच्याशी हस्तांदोलन करत होते. मीही उभी राहायला गेले तेव्हा त्यानं माझा दंड हळूच धरला. "कॉफीकडे बघशील का? कप कमी पडताहेत." कप कमी पडत नव्हते. मी मोजून मांडले होते. मी कॉफीकडे बघितलं. लोक कप घेताना मला म्हणायचे, फार केलंस हो तू तिचं. एक बाई म्हणाली, आता तू मोकळी झालीस. दुसरीनं विचारलं, आता कुठे जाणार?

शनिवारी तिला पुरलं. मेळाव्याला आलेली माणसं दफनालाही आली. दोन्ही कार्यक्रमांना एकच काळा कोट चालेल, असं कुणीतरी मागे म्हणालं आणि लोक हळू आवाजात हसले. कुटुंबाच्या दगडावर आजुतोरचं नाव होतं, त्याखाली मावशीसाठी राखलेली जागा, आणि तळाशी छोट्या अक्षरांत आदेल. दगडावर स्वतःचं नाव बघायची मला सवय आहे. लहान असताना मी त्याच्याकडे पाठ करून उभी राहायचे.

परत आल्यावर स्वयंपाकघरात फर्नांद येऊन बसली. ती मावशीची चुलत बहीण, पंचाहत्तरी उलटलेली, सिगारेट ओढत सगळ्यांचे दोष सांगणारी. घराण्यात आता सर्वांत वयस्कर तीच.

"उद्याच्या हाकेचं काय?" रोझेरनं विचारलं.

"मला नाही जमायचं, बाबा. मला नवऱ्याचं नाव आठवायला त्याच्या शर्टाचा खिसा चाचपावा लागतो."

"अमेरिकेतून, लोवेलहून दोन बस भरून माणसं आलीत. मका आणलाय, पातेली आणलीत. त्यांना काय सांगायचं? कणसं खा आणि घरी जा?"

"लेओंतीननं एक आठवडा थांबायला हवं होतं," फर्नांद म्हणाली. "पण तिनं कधी कुणाची सोय बघितली?"

रोझेरनं माझ्याकडे बघितलं. मी बशा पुसत होते.

"आदेलला पाठ आहे," तो म्हणाला. "सगळी. हो ना गं?"

"आदेल पायऱ्यांवर?" फर्नांदनं धूर सोडला. "लेओंतीन थडगं फोडून वर येईल."

"पायऱ्यांवर मी उभा राहतो. ही मागे, दाराच्या आड. नाटकात नसतो का प्रॉम्प्टर, तसं. ही सांगेल, मी म्हणेन. कुणाला कळायचंही नाही."

"हां. ते चालेल. आवाज मोर्नोचा पाहिजे, बाकी कुठूनही येऊ दे."

मी बशी खाली ठेवली. "आपल्या घराशी आल्यावर मी काय सांगू?"

"आपल्या घराशी काय?"

"लेओंतीनची मुलं म्हटल्यावर."

रोझेरनं कपाळ चोळलं. दोन रात्री तो झोपला नव्हता. "आई जे म्हणायची तेच. उद्या नवीन काही काढू नकोस, आदेल. तिच्या मातीवर अजून गवतही आलं नाही."

"मी चाळीस वर्षं या घरात आहे."

"कोण नाही म्हणतंय? तुझी जागा कुणी काढून घेतंय का? दगडावर म्हणशील तर तुझं नाव आधीच कोरलेलं आहे. तुझी वेळ आली की आम्हाला काही करायलाच नको." तो हसला. फर्नांदही हसली आणि तिला खोकला लागला. मी तिला पाणी दिलं. त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं, माझा ताण हलका करायला.

मी नाही म्हणू शकले असते. मी नाही म्हटलं असतं तर त्या रविवारी मातुरँपासूनची सगळी माणसं संपली असती. माझ्याखेरीज ती कुणाकडेच नव्हती. मी हो म्हटलं. मावशीचं माझ्याजवळ तेवढंच होतं. तेही तिनं दिलं नव्हतं, मी ऐकून ऐकून घेतलं होतं.

रविवारी आकाश स्वच्छ होतं. चर्चसमोरच्या मैदानात तंबू, मुलं, मोठ्या पातेल्यांत उकळणारी कणसं, पुढच्या रांगेत म्हाताऱ्यांच्या खुर्च्या. लोवेलच्या माणसांनी एकसारख्या निळ्या टोप्या घातल्या होत्या. त्यांच्या पणज्या-खापरपणज्या कापडाच्या गिरण्यांत कामाला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. आता त्यांना स्वतःचं आडनाव आमच्यासारखं उच्चारता येत नाही, पण हाकेत आपलं घर आलं की ते सगळ्यांत आधी उभे राहतात आणि काहीजण रडतात.

रोझेर माइकसमोर उभा राहिला. मी त्याच्या पाठीमागे, चर्चच्या अर्धवट लावलेल्या दाराच्या आत होते. मला त्याची मान दिसत होती आणि त्याच्या खांद्यावरून थोडं मैदान.

"मातुरँ शिपाई," मी म्हटलं.

"मातुरँ शिपाई," रोझेर म्हणाला आणि मैदान गप्प झालं.

मी एक एक नाव देत गेले आणि ते त्याच्या आवाजात बाहेर पडत गेलं. झाक. प्येर आणि लुई. जेर्मेन, दफनभूमीत. टोप्या निघाल्या. लुईचा अनातोल. टोप्या परत चढल्या. नऊ मुलं झालेली आणि सहा पुरलेली उर्सुल आली. सैन्यातलं टोपणनाव उर्फ लावून लावून शेवटी तेच आडनाव करून बसलेली शाखा आली, तेव्हा कुणीतरी शिट्टी वाजवली. लोवेलची माणसं उभी राहिली. रोझेरला लय सापडली होती. तो हात पसरून नावं घेऊ लागला होता आणि त्याच्या मुलाच्या चेहऱ्यावर बापाचा अभिमान दिसत होता. मी एकदाही चुकले नाही. मावशीपेक्षा एकच गोष्ट मी वेगळी केली. मला श्वासासाठी थांबावं लागलं नाही.

"एल्झेआरची मुलं," मी म्हटलं. "लेओंतीन."

"लेओंतीन," तो म्हणाला आणि त्याचा आवाज फुटला. पुढच्या रांगेत फर्नांदनं रुमाल काढला. त्यानं घसा साफ केला. इथे त्याला माझी गरज नव्हती.

"लेओंतीनची मुलं. मी, रोझेर." त्याची बायको आणि मुलं उभी राहिली. "आदेल, दफनभूमीत."

टोप्या निघाल्या. निळ्या, करड्या, गवती. सगळे खाली बघत होते. आता मी 'फिलोरोम' म्हणायचं होतं, म्हणजे मावशीच्या भावाचं घर उभं राहिलं असतं आणि टोप्या परत चढल्या असत्या.

मी गप्प राहिले.

रोझेरनं मान किंचित वळवली. "पुढे," तो ओठातल्या ओठात म्हणाला. माइकनं ते मैदानभर पोचवलं. एक पोरगी फिसकन हसली. "पुढे सांग ना, आदेल."

मी दार ढकललं आणि पायरीवर आले. उन्हात डोळे दिपले. रोझेर बाजूला झाला नाही, त्यामुळे मी त्याच्या शेजारी उभी राहिले.

"लेओंतीनला आदेल नावाच्या दोन मुली," मी म्हटलं. "एक दफनभूमीत. दुसरी ही. टोप्या घाला."

रोझेरनं माइकवर हात ठेवला. "आज नको. कालच पुरलंय तिला."

"परवा मी कॉफी देत होते."

"खाली ये, पोरी," फर्नांद खुर्चीतून म्हणाली. ती चिडलेली नव्हती. जेवणाच्या टेबलाशी कुणी चुकीच्या खुर्चीत बसलं तर सांगावं, तसं तिनं सांगितलं. "लेओंतीनला एकच आदेल होती. तिनं स्वतःच्या तोंडानं चार वेळा सांगितलंय. आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

लोवेलच्या एका माणसानं टोपी डोक्याजवळ नेली होती. त्याला आमची भाषा नीट कळत नसावी. त्यानं शेजाऱ्यांकडे बघितलं आणि टोपी पुन्हा छातीशी धरली. मैदानात एकाही डोक्यावर टोपी नव्हती. एवढी माणसं माझ्यासाठी बोडक्या डोक्यानं थांबलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

रोझेर माइकमध्ये बोलला. त्याचा आवाज मऊ होता. दुकानात पलंगाचा पाय मोडल्याची तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाशी तो याच आवाजात बोलतो. "मंडळी, माफ करा. आदेल फार दुःखात आहे. आईनं हिला अनाथालयातून आणलं, वाढवलं, शिकवलं. परक्याच्या पोरीसाठी याहून जास्त कुणी काय करतं? आईला वाईट वाटेल असं आज ती काही बोलणार नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातात टोप्या असल्यामुळे त्यांचा आवाज बद्द आला.

टाळ्या थांबेपर्यंत मी थांबले. माझ्या डोक्यात सगळी नावं ओळीनं उभी होती, फिलोरोम, जुळे, त्यांची मुलं, उरलेली अर्धी हाक. ती मी कुणालाही देणार नव्हते.

"परक्या बाईनं ते केलं असतं तर मी तिची ऋणी राहिले असते," मी म्हटलं. "ती परकी नव्हती. तुला ती चांगली आई होती, रोझेर. मला वाईट आई होती. माझी आई वाईट होती."